सेटवरचे देव

१

सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना शिवांजलीनं सेटचं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. समोरच्या भिंतीतल्या देवळीत काल संध्याकाळी पाच देव होते. आता एकही नव्हता.

सेट म्हणायचं एवढंच. घर खरं होतं. येरमाळ्याहून वाशी गावाकडं जाताना डांबरी सोडून दोन किलोमीटर आत, माळावर बिराप्पांची वस्ती आहे. मेंढरांमागं आयुष्य काढलेल्या बिराप्पांनी शेजारीच स्लॅबचं घर बांधलं आणि जुन्या दगडमातीच्या घरात कडबा भरला. शिवांजलीनं तो कडबा बाहेर काढला आणि चाळीस दिवस खपून त्या घरात १९८४ साल आणून बसवलं. चुलीमागची भिंत काजळीनं काळी केली. दाराची चौकट डाव्या बाजूनं घासून गुळगुळीत केली, कारण चित्रपटात सोनालीताई करत असलेली धनगरीण डावखुरी होती. आणि देवळीत पाच टाक मांडले: खंडोबा, बिरोबा, भवानी, येडाई, नागोबा. देवाची मूर्ती उठवलेले खरे टाक चांदीचे असतात; हे तिनं स्वतः घडवले होते. तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर, नऊ दिवस ठोकून.

याच भागातल्या ईट गावच्या या मुलीनं नऊ वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. अकरा चित्रपट. नव्या भिंती जुन्या करणं, कोऱ्या कपाटांना संसार लावणं, एवढंच काम. अकराही वेळा तिचं नाव शेवटी, प्रेक्षक पायांनी चपला शोधत असताना, वर सरकून गेलं. हा बारावा. याच्या सुरुवातीला ‘प्रॉडक्शन डिझाइन’ या शब्दांखाली तिचं एकटीचं नाव यायचं होतं.

पाच मिनिटांत दिग्दर्शक कृष्णराज आणि निर्मितीचं सगळं पाहणारा उत्कर्ष दारात आले.

“दुसरा जोड काढ,” उत्कर्ष म्हणाला.

“दुसरा जोड नाहीये.”

“प्रत्येक वस्तूचे दोन नग. पहिल्याच मीटिंगला तू हो म्हणालीस.”

“म्हणाले. पण हातानं ठोकलेला टाक दोनदा सारखा होत नाही. कालच्या शॉटमध्ये खंडोबाच्या घोड्याचा मागचा पाय वाकडा दिसतो. तो तसाच परत वाकवता येणार नाही.”

हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगायचं ती टाळत आली होती.

कृष्णराजांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत, म्हणून लोक त्यांना जास्त घाबरत. “नैऋत्येच्या झरोक्यातून देवळीवर ऊन कधी येतं?”

“तीन दहाला. पावणेचारला उतरतं.”

“सोनालीताईंची तारीख आज संपते. पूजेचा शॉट त्या पस्तीस मिनिटांत झाला तर झाला.”

“मी मुंबईला सरांना फोन करून ठेवतो,” उत्कर्ष म्हणाला. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिवांजली नऊ वर्षं होती ते. “आज शॉट गेला तर उद्यापासून उरलेले दोन सेट ते बघतील. मग सुरुवातीला नाव त्यांचंच येईल, हे तुला सांगायला नको.”

दोघं गेले. शिवांजली खाली बसली.

सारवलेली जमीन खराब होऊ नये म्हणून क्रूसाठी भिंतीलगत एक लांब फळी टाकलेली होती. अठरा दिवस सगळे त्या फळीवरूनच ये-जा करत. बिराप्पांच्या मालकीण म्हाळसाबाई रोज पॅकअपनंतर जमीन सारवून द्यायच्या. आजचं सारवण मात्र हाताला गार आणि ओलं लागलं. हे कालचं नव्हतं, आज पहाटेचं होतं.

आणि त्या ओल्या सारवणावर, फळी सोडून, अगदी मधोमध, अनवाणी पावलं उमटली होती. रुंद, भेगाळलेल्या टाचांची. तिनं मोजली. दारापासून देवळीपर्यंत सात. त्यांच्या शेजारी, थोडी जवळजवळ पडलेली, आणखी सात. चौदाही पावलांचे अंगठे देवळीकडं होते.

घराला दार एकच. झरोक्यातून मांजर जेमतेम जाईल. आत गेलेला माणूस बाहेर आलाच नव्हता.

२

खोलीत कुणी नव्हतं, हे तर दिसतच होतं. शिवांजलीनं स्वतःला गप्प केलं आणि मोबाइलचा दिवा देवळीत धरला.

कुठलंही घर उभं करायच्या आधी ती त्या न दिसणाऱ्या माणसांना तेच ते प्रश्न विचारायची. तू कुठल्या हातानं दार लोटतेस? तुझं पाणी कुठं सांडतं? आज तिनं तेच प्रश्न चोराला विचारायचं ठरवलं.

देवळीच्या फळीवर तिनं मुलतानी मातीची धूळ बसवली होती. पाच टाकांच्या जागी पाच स्वच्छ चौकोन राहिले होते. कडा कुठं फरपटलेल्या नव्हत्या. एकेक टाक दोन्ही हातांनी सरळ वर उचललेला. आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक बारका गोल, ओलसर ठसा होता, बोराएवढा. पितळी घंटा जागेवर. समईही जागेवर.

पितळ ठेवून पत्रा नेणारा चोर तिनं आजवर ऐकला नव्हता.

बाहेर इंद्रजित खुर्चीत बसला होता. कागदोपत्री तिचा सहायक; वयानं आणि अनुभवानं पंधरा वर्षं पुढं. या चित्रपटाचं काम आपल्याला मिळेल असं त्याला वाटलं होतं, आणि ते त्यानं लपवलंही नव्हतं.

“इंद्रजितदादा, सकाळी आत कोण गेलं?”

“मी, मॅडम.” तो ‘मॅडम’ असा म्हणायचा की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. “साडेसातला. फळीवरून. समई पुसायला.”

“टाक होते?”

“नव्हते.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“मला वाटलं, पॉलिशला नेले असतील. मॅडमचे देव, मॅडमची मर्जी.” त्याच्या तोंडात सुपारी घोळत होती.

“तुम्हीच पत्रा कापून दिलात. त्यात चांदी नाही हे तुम्हाला माहीत आहे.”

“मला आहे. उत्कर्षला नाही. पहिल्या दिवशी विचारत होता, खरे आहेत का म्हणून.” मग त्याला जुनं काहीतरी आठवलं. “आणि एक सांगतो. सहाव्या दिवशी देवळीच्या वरची काजळी वाढली म्हणून सगळ्यांसमोर मला बोललात. मी ब्रश लावला नव्हता. आईशपथ.”

“मग काजळी आपोआप वाढली?”

“ते मला काय माहीत? डिझायनर तुम्ही.”

हा टोमणा गिळून तिनं मोबाइलवरचे रोजचे फोटो काढले. पहिला दिवस, सहावा, बारावा, सतरावा. इंद्रजित खरं बोलत होता. तिनं रंगवलेली काजळी उजवीकडं झुकलेली होती. तिच्या डावीकडं दुसरीच एक काजळी दिवसादिवसानं, केसाएवढी, वर चढत होती. ती ब्रशची नव्हती. ती दिव्याची होती.

उत्कर्ष तंबूत फोनवर होता. फोन बाजूला धरून म्हणाला, “मी चोर? शिवांजली, मला सेट बंद पाडायचा असता तर मी जेवणाची गाडी उशिरा बोलावली असती. तेवढं पुरतं.”

तेही खरं होतं. शिवाय तिनं त्याच्या पायांकडं पाहिलं. अठरा दिवसांत या माणसानं बूट काढलेले कुणी पाहिले नव्हते.

घड्याळात दहा वाजून गेले होते. तिची यादी संपली होती आणि त्या पावलांचा मालक तिच्यात नव्हता.

३

म्हाळसाबाई नव्या घराच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या.

“मावशी, देवळीतले देव कुठं गेले?”

“कुठं जात्यात? जागंवरच हायेत की.”

“न्हायत मावशी. म्या आत्ताच बघून आले.”

“मग नीट बघ.” त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला. “तुम्हाला चार-चार कॅमेरे लागत्यात, तरी दिसंना व्हय?”

बाई खोटं बोलत आहेत असं वाटत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस हात थांबवतो. यांचे हात चालूच होते.

“आज सकाळी सारवलंत?”

“पाचाला.”

“रोज तर सांजच्याला सारवता.”

“आज सकाळी सारवलं. त्याला काय पंचांग बघावं लागतं?”

“आन् मामा कुठंयत?”

“रानात. मेंढरामागं.”

एवढं बोलून त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. शिवांजली ओट्यावरच राहिली. दाराशेजारी भिंतीला एक काठी टेकलेली होती, मुठीपाशी तेल पिऊन काळी झालेली. वर खुंटीला घोंगडी. या काठीची नक्कल करायला तिला दोन दिवस लागले होते. बिराप्पांनी ती तेवढ्यासाठीसुद्धा हातची सोडली नव्हती; शेजारी बसून, काठी मांडीवर ठेवून, नक्कल करू दिली होती. ‘हिच्याबिगर मेंढरं मला वळखत न्हाईत,’ असं म्हणाले होते.

काठी इथं होती. मग बिराप्पा रानात नव्हते.

मेंढरं बांधाच्या पलीकडं चरत होती आणि त्यांच्यामागं घरची सून करिश्मा फिरत होती, एका कानात हेडफोन.

“करिश्मा, आज तू मेंढरामागं?”

“व्हय ताई. कवातरी लागतंच की.” पोरगी बोलकी होती, पण आज शब्द जपून टाकत होती. मग स्वतःच विषय बदलला. “तुमचे ते इंद्रजितदादा सकाळी अडकित्ता मागायला आलते. आख्खी सुपारी फोडायची म्हणून.”

“ते तर पुडीतली कातरलेली खातात.”

“आज आख्खी खावीशी वाटली आसंल. मुंबईची माणसं, काय सांगावं.”

शिवांजलीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. “मामंजी कुठं गेलेत, करिश्मा?”

करिश्मानं दुसऱ्याही कानात हेडफोन घातला आणि परत काढला.

“ते परत आल्याबिगर सांगायचं न्हाय, ताई. आमच्या घरची रीत हाय. माझ्या तोंडातनं काढू नका.”

“काय सांगायचं न्हाय?”

“तेच,” असं म्हणून करिश्मा एका मेंढीला उगाचच हाकलायला पळाली.

४

साडेअकरा. शिवांजली सेटच्या दारात, उंबऱ्याला पाठ लावून बसली. तिच्यासमोर चौदा पावलं होती.

मुंबईत एकदा तिला वाळूवर पळणाऱ्या माणसाची खोटी पावलं करावी लागली होती. तेव्हा ती शिकली होती: पुढं जाणारा माणूस चवड्यावर भार देतो. तिनं वाकून पाहिलं. पहिल्या सात पावलांचे चवडे खोल होते. दुसऱ्या सातांच्या टाचा. अंतरही कमी, चाचपत टाकल्यासारखं.

तो माणूस दोनदा आत गेला नव्हता. एकदाच गेला होता आणि उलट्या पावलांनी बाहेर आला होता. देवळीकडं तोंड ठेवून. देवाला पाठ न दाखवता.

तिला एकदम लहानपणीची ईटची सकाळ आठवली, आणि स्वतःचा रागही आला. तिनं आईला, धुरपदाबाईंना, फोन लावला.

“आई, आपले टाक काका घेऊन गेलते ना, मी चौथीत असताना? देवीच्या भेटीला?”

“व्हय. न्यावंच लागतंय. का ग?”

“मग देव येईपर्यंत जागेवर काय ठेवलं होतंस?”

“सुपाऱ्या. एकेका देवाची एकेक. तू एक खेळायला घेतलीस म्हणून पाठीत धपाटा खाल्लातास. म्हणलं होतं, हात लावू नको, देव तिथंच हायेत.” मग आवाजात आशा आली. “का ग? लगीन-बिगीन ठरवलंस का काय?”

“न्हाय. चोर धरलाय. संध्याकाळी सांगते.”

इंद्रजित अजून त्याच खुर्चीत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“दादा, किती होत्या?”

“काय?”

“सुपाऱ्या. देवळीत.”

इंद्रजितच्या तोंडातलं घोळणं थांबलं. “पाच. मला वाटलं, कुणा लाइटवाल्यानं ठेवल्या. सेटवर असली घाण राहिली की बोलणी मला बसतात, म्हणून उचलल्या.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“टाक गेलेले, सुपाऱ्या पडलेल्या, आणि युनिटमध्ये सुपारी खाणारा मी एकटा. मी चोर ठरलो असतो, मॅडम.” या वेळच्या ‘मॅडम’मध्ये काही नव्हतं. घाबरलेला माणूस होता.

“खाल्ल्यात?”

“एकच.” त्यानं खिशातून उरलेल्या चार काढल्या.

“दादा,” शिवांजली म्हणाली, “तुम्ही देव खाल्लात.”

मग तिनं उभ्या उभ्या सगळं मांडलं. आपल्याला स्वतःलाही नीट ऐकू यावं म्हणून. देवळीत दिवा कुणीतरी रोज लावत होतं, काजळी त्याची. रोज सारवायला येणाऱ्या म्हाळसाबाईंच्या लेखी ते पाच टाक पत्रा राहिले नव्हते. आणि नवे टाक पूजेला बसवायच्या आधी देवीच्या भेटीला न्यावे लागतात. आज मोठ्या पूजेचा शॉट आहे, हे सगळ्या वस्तीला माहीत. म्हणून पहाटे घर सारवलं. म्हणून बिराप्पा अनवाणी, फळी सोडून, घराच्या मालकासारखे मधून आत गेले. देव उचलले, त्यांच्या जागी सुपाऱ्या ठेवल्या आणि पाठ न दाखवता बाहेर आले. काठी घरी, कारण ते मेंढरांकडं गेलेच नाहीत.

“आणि म्हाळसाबाई म्हणाल्या, देव जागेवरच आहेत,” ती म्हणाली. “त्यांच्या लेखी होतेच. त्यांना काय माहीत, तुम्ही चार खिशात घातलेत आणि एक गालात.”

“मग म्हातारा आहे कुठं?”

“या घरची देवी कुठली?” शिवांजलीनं गाडीची किल्ली मागायला हात पुढं केला. “येडाई. येरमाळा.”

“मीही येतो,” इंद्रजित म्हणाला. “मला तिथं जरा माफी मागायचीय.”

५

पौर्णिमा होती. येरमाळ्यात गाडी लावायला जागा मिळता मिळता एक वाजला. रांग पायऱ्यांवरून खाली वळली होती आणि हलत नव्हती.

बिराप्पा मधल्या वळणावर उभे होते. धुतलेलं धोतर, तांबडा फेटा, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं कोऱ्या टॉवेलचं गाठोडं. शिवांजलीला पाहून ते दचकले नाहीत. फक्त शरमल्यासारखे हसले.

“लई उशीर झाला का ग?”

“मामा, सांगून जायचं की.”

“सांगितलं आसतं तर तू न्हाय म्हणली आसतीस. आन् न्हाय म्हणल्यावर मला नेता आलं नसतं. पहिल्या यष्टीनं आलो. वाटलं, बारापर्यंत माघारी. पुनव म्हणून आजच नेलं, आन् पुनवेनंच घात केला. एवढी गर्दी! आता नैवेद्याचा पडदा पडलाय. दोनाला उघडतोय म्हणं.”

इंद्रजितला राहवलं नाही. “बाबा, पत्र्याचे आहेत हो ते. तेलाच्या डब्याचे.”

बिराप्पांनी त्याच्याकडं मेंढराकडं पाहावं तसं, मायेनं पाहिलं. “ठावं हाय की. डबा आमच्याच घरचा व्हता. शेंगतेलाचा.”

“मग?”

“मग काय? अठरा दिस ती शिनेमातली बाई त्यांच्याम्होरं डोकं टेकवती. खोटं खोटं का आसंना, टेकवती. म्हाळसा म्हणली, आपल्या जुन्या देवळीत देव, आन् सांजच्याला अंधार? म्हणून ती दिवा लावाय लागली. दिवा लावला म्हणल्यावर निवद आला. निवद आला म्हणल्यावर बिनभेटीचं कसं ठेवायचं? तूच सांग. तू ईटची हायेस.”

शिवांजली हिशेब करत होती. दोनला पडदा. पुढं सत्तर-ऐंशी माणसं. इथून सेट पंचवीस मिनिटं.

बिराप्पांनी तिच्या चेहऱ्यावरचं वाचलं आणि गाठोडं पुढं केलं. “तुझेच हायेत. तुझं काम आडत आसंल तर घेऊन जा. पर भेटीला काढलेले देव आर्ध्या वाटंतनं वळवू नयेत, आसं आमच्यात म्हणत्यात. म्या कधी वळवले न्हायत.”

गाठोडं हातभर अंतरावर होतं. ते उचललं असतं तर दोनच्या आत ती सेटवर पोचली असती. तासभर मोकळा, ऊन पूर्ण, नाव शाबूत. नऊ वर्षं ती हेच शिकली होती: वस्तू वेळेवर कॅमेऱ्यासमोर पाहिजे, बाकी नंतर. पण नऊ वर्षांत तिच्या हातून झालेल्या एकाही वस्तूला कुणी कोऱ्या टॉवेलात बांधून, फेटा घालून, रांगेत घेऊन उभं राहिलं नव्हतं.

तिनं कृष्णराजांना फोन लावला.

“सर, टाक मिळाले. पण पोचायला साडेतीन होतील.”

“का? कुठं आहेत?”

“रांगेत आहेत.”

“कोण?”

“देव, सर.”

तिनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. मागं उत्कर्षचा आवाज येत होता.

“पस्तीस मिनिटांतली वीस तू तिथं घालवणार,” कृष्णराज म्हणाले.

“उरलेल्या पंधरात होईल असं लावून देते.”

“आणि नाही झालं तर?”

“तर उद्यापासून मुंबईच्या सरांना बोलवा. मी सामान आवरून ठेवते.”

तिनं फोन खिशात टाकला, पायातल्या चपला काढून कडेला ठेवल्या आणि बिराप्पांच्या शेजारी रांगेत उभी राहिली. इंद्रजितनं आपलेही बूट काढले.

६

तीन चोवीसला गाडी वस्तीवर शिरली. देवळीवर ऊन आलं होतं. सोनालीताई नऊवारीत, कॅमेरा लावलेला, सगळे उभे.

बिराप्पांनी टॉवेल सोडला आणि उत्कर्षनं कपाळाला हात लावला. पाचही टाक कुंकवानं आणि भंडाऱ्यानं माखले होते. “काल हे कोरे होते! आता पुसत बसणार का?”

“पुसायचे नाहीत,” शिवांजली म्हणाली. हे ती गाडीत ठरवूनच आली होती. “सर, पूजेचा शेवट आधी घ्या. कुंकू लावून झाल्यावर सोनालीताई डोकं टेकवतात, तो. कुंकू तिथं लागतंच. पूजेची सुरुवात काल झालेली आहे. मधलं फक्त त्यांच्या हातांवर घ्या. त्याला हे ऊन लागत नाही.”

कृष्णराजांनी मान हलवली. जागा जुळवायला तिनं कालचा फोटो पाहिला नाही. धुळीतल्या पाच चौकोनांत पाच टाक एकामागून एक बसवले. तीन एकतीस.

सोनालीताई पुढं झाल्या. उन्हाची तिरीप खंडोबाच्या वाकड्या पायावर आली. त्यांनी डोकं टेकवलं, आणि शॉट कापल्यावरही क्षणभर उचललं नाही. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही. तीन त्रेचाळीसला कृष्णराज म्हणाले, “झालं.”

मग मॉनिटरकडं पाहत म्हणाले, “वरची काजळी फार छान केलीस.”

“ती मी नाही केली, सर. म्हाळसामावशींनी केली. अठरा दिवस लागले.”

“नावांत त्यांचंही घाल. तुझ्याखाली.” उत्कर्षकडं न बघताच ते पुढं म्हणाले, “मुंबईचा फोन करायचा राहिला असेल तर राहू दे.”

“केला होता,” उत्कर्ष म्हणाला. “आता परत करतो.” आणि पहिल्यांदाच, बूट काढून हातात धरून, तो फळीवरून बाहेर गेला.

ओट्यावर म्हाळसाबाईंनी हात पुढं केला. “सुपाऱ्या दे.”

इंद्रजितनं चार दिल्या आणि मान खाली घातली. “एक मी खाल्ली, मावशी. मला माहीत नव्हतं.”

“कंची?”

“डावीकडून दुसरी.”

“बिरोबा,” म्हाळसाबाईंनी गंभीरपणे सांगितलं. करिश्मानं तोंडाला पदर लावला. “आता हे बघ. तुझ्या पोटात देव हाय. आजपासनं कुठं बी पचकन थुंकायचं न्हाय.”

“नाही थुंकणार, मावशी.”

पुढचे दोन दिवस सेट आवरण्यात गेले. इंद्रजित ट्रकशेजारी यादी घेऊन उभा होता: घंटा, समई, पाटा-वरवंटा, काठीची नक्कल. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला.

“शिवांजली,” त्यानं हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. “टाक, नग पाच. पेटीत भरायचे ना?”

भिंतीलगतची फळी ट्रकमध्ये गेली होती. म्हाळसाबाईंनी घर नुकतंच सारवून दिलं होतं. इथं आता कडबा भरणार नव्हते, असं बिराप्पांनी कालच ठरवलं होतं. शिवांजलीनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि ती ओल्या जमिनीवरून देवळीपाशी गेली. येडाईचा टाक थोडा तिरका झाला होता, तो सरळ केला. हात जोडले. मग बाहेर आली आणि इंद्रजितच्या हातातून पेन घेऊन यादीतल्या शेवटच्या ओळीपुढं लिहिलं: जागेवरच आहेत.

इंद्रजितनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तो हसला. तिनं वळून बघितलं.

ओल्या सारवणावर दारापासून देवळीपर्यंत तिची सात पावलं होती, आणि त्यांच्या शेजारी आणखी सात. चौदाही आत जाणारी.